सातवी पास, पण

हवालदार,

परवा साखर कारखान्याच्या कँटीनमध्ये तुमची शोकसभा झाली. बाकडी भिंतीला सारून सतरंज्या टाकल्या होत्या. तुमचा अलीकडचा फोटो कुणाकडेच नव्हता, म्हणून सैन्यातला जुना फोटो सांगलीहून मोठा करून आणला. त्यात तुम्ही पंचविशीचे दिसता, मिश्याही नाहीत. माझ्या मागं कुणीतरी शेजाऱ्याला विचारलं, "हे कोन?"

साहेब बोलायला उठले. कार्यकारी संचालक म्हटल्यावर त्यांना बोलावंच लागतं. म्हणाले, "जगदाळे हवालदार हा फक्त सातवी पास झालेला माणूस, पण..." त्या 'पण'च्या पुढं त्यांनी बरंच चांगलं सांगितलं. प्रामाणिक, शिस्तीचा, वेळेवर येणारा, वजनकाट्यावरचा आदर्श पहारेकरी. मी पहिल्या रांगेत बसले होते आणि माझ्या कानात तो 'पण' तेवढा अडकून बसला होता.

पहारेकरी. ऊसतोडीच्या याद्या छापणारी यंत्रं खोक्यांतून या कारखान्यात उतरली तेव्हा ज्यानं ती उभी केली, पहिली चार वर्षं ज्याच्यावाचून एक यादी छापली गेली नाही, त्याला पहारेकरी म्हणून निरोप दिला. मग दोन मिनिटं शांत उभं राहून सगळे चहाला गेले. मीही गेले. चहा घेतला, बिस्किटही घेतलं. घरी आले आणि ते बिस्किट मला पचेना.

राग साहेबांचा आहे. माझा स्वतःचा आहे. आणि खरं सांगायचं तर तुमचाही आहे. गेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात. मी रागावणार आहे. तुम्ही होता तेव्हा रागवायची सोय तुम्ही कधी ठेवलीच नाहीत.

आपली पहिली भेट तुम्ही विसरला नसाल. साताऱ्यात वाढलेली, पुण्याला राहून संख्याशास्त्रात एम.एस्सी. केलेली मी इथं मुलाखतीला आले. जाहिरात होती 'यंत्र विभाग प्रमुख, पदव्युत्तर पदवी आवश्यक'. आम्ही तिघं उमेदवार होतो. मुलाखत झाल्यावर आम्हाला यंत्राच्या खोलीत आणलं. खाकी पँट, पांढरा सदरा, टोपी दुमडून खिशात, असे तुम्ही ताठ उभे होता. मला वाटलं, खोली झाडणारा कुणी असेल. हे लिहून टाकते, कारण साहेबांना बोल लावायचा तर माझा पहिला दिवसही सांगितला पाहिजे.

तुम्ही प्रत्येकाच्या हातात कार्डांचा एक गठ्ठा दिलात, गाव आणि क्रमांक भोकांनी लिहिलेल्या. म्हणालात, "ही समदी एकाच गावची कार्डं हायत. ह्यात एक दुसऱ्या गावचं शिरलंय. काडा." पहिल्या गृहस्थांनी यंत्रांच्या इतिहासावर बोलायला सुरुवात केली. दुसरे म्हणाले, मॉडेल जुनं आहे. मी दहा मिनिटं एकेक कार्ड डोळ्यांजवळ नेऊन बघितलं आणि म्हटलं, "मला नाही सापडत. तुम्ही दाखवा."

तुम्ही गठ्ठा टेबलावर ठोकून सारखा केलात आणि खिडकीसमोर धरलात. गावाचं भोक सगळ्या कार्डांत एकाच जागी, म्हणजे उजेड आरपार यायला हवा. एका कार्डानं तो अडवला होता. तुम्ही नखानं ते कार्ड वर उचललंत. एवढंच. पाच वर्षं पुण्यात शिकून मला कुणी ते दाखवलं नव्हतं.

निवड समितीला तुम्ही काय सांगितलंत ते मला नंतर टंकलेखकाकडून कळलं. "बाईंना घ्या. त्यांचं चुकलं तर बोट दावता येईल. त्या दोघांचं तोंड कोन धरंल?"

आणि आणखी एक गोष्ट कळायला मला दीड वर्ष लागलं. जुन्या फायलीत काहीतरी शोधताना तुमचा अर्ज सापडला. त्याच जागेसाठी, त्याच जाहिरातीवर, तुमच्या टपोऱ्या अक्षरात. 'लष्कराच्या रेकॉर्ड ऑफिसात याच यंत्रांवर अकरा वर्षे काम केले. येथे यंत्रे मीच बसवली.' वर लाल शाईनं लिहिलं होतं, 'शैक्षणिक पात्रता नाही'. म्हणजे जी जागा तुम्हाला नाकारली, तिच्यासाठी आम्हाला तपासायला त्यांनी तुम्हालाच उभं केलं होतं. आणि तुम्ही तपासलंत. नीट तपासलंत.

मी तो कागद घेऊन तणतणत तुमच्याकडं आले. तुम्ही चष्मा पुसत म्हणालात, "मग? अर्ज करायला काय बंदी व्हती व्हय?"

"तुम्हाला राग नाही आला?"

"आवं बाई, पलटनीत लेफ्टनंट इतो. वीस वर्षांचा, मिसरूड फुटल्यालं. पन्नाशीचा सुभेदार त्येला सलाम ठोकतो. राग करत बसला तर लढायचं कवा?"

तिथून आपलं भांडण सुरू झालं. चांगलं अडीच वर्षं चाललं. लोकांना वाटायचं, मी पदवीच्या बाजूनं आणि तुम्ही विरुद्ध. उलट होतं. मी म्हणायची, या खोलीला एम.एस्सी. लागत नाही, तुमच्यासारखा माणूस लागतो. तुम्ही म्हणायचात, "न्हाई बाई. पदवी म्हंजी काय? दुसऱ्या कुनीतरी तुमाला तपासलेलं असतंय. मला कोनी तपासलं? मीच. आपला आपुन किती तपासनार?" मी म्हणायची, मला ज्यांनी तपासलं त्या मास्तरांनी असलं यंत्र डोळ्यांनी पाहिलं नव्हतं. तुम्ही हसून, कार्डं चिकटू नयेत म्हणून त्यांना हवा द्यायला लागायचात.

ती कार्डं म्हणजे तुमचा जीव होता. उसाच्या प्रत्येक फडाचं एक जाड कार्ड. त्यावर भोकांनी लिहिलेलं असायचं सभासदाचा क्रमांक, गाव, उसाची जात, लागण कोणत्या पंधरवड्यात झाली ते. एक यंत्र भोकं पाडायचं, दुसरं ती बघून कार्डं दहा खणांत वेगळी करायचं, तिसरं यादी छापायचं. ती यादी म्हणजे तोडणीची पाळी. कुणाच्या रानात टोळी कधी शिरणार हे त्यावर ठरायचं. पाळी महिनाभर मागं गेली की उभ्या उसाला तुरा येतो, आतून पोकळ पडतो, काट्यावर वजन भरत नाही.

माझ्या पहिल्या पावसाळ्यात कार्डं दमट होऊन फुगली आणि सॉर्टरमध्ये, म्हणजे त्या दहा खणांच्या यंत्रात, अडकून फाटायला लागली. मी मुंबईच्या कंपनीला ट्रंककॉल लावून दोन दिवस बसले. तिसऱ्या दिवशी तुमच्या पत्र्याच्या ट्रंका आल्या, सैन्यातल्या, तुमचं नाव आणि नंबर रंगवलेल्या. तळाला चुनकळी, वर फळी, फळीवर कार्डं. चुना ओल ओढून घेतो. दोन दिवसांनी कार्डं पापडासारखी कडक वाजायला लागली. कंपनीचा इंजिनिअर आठवड्यानं आला, त्यानं ट्रंका बघितल्या आणि वहीत टिपून घेतलं. तुमचं नाव विचारलं नाही.

मी तुम्हाला विचारलं होतं, एवढं जपता कशाला, फाटलं तर दुसरं करता येतं. तुम्ही म्हणालात, "रेकॉर्डात एक कार्ड म्हंजी एक मानूस व्हता, बाई. लढाईच्या दिसांत कार्ड चुकलं तर तार चुकीच्या घरी जानार. तवापासनं मला कार्ड हातात घेतलं की मानूसच वाटतो."

म्हणूनच बिरा खरात आला त्या दिवशी तुमचं काय झालं ते मी विसरू शकत नाही.

पूर्वेच्या कोरड्या मुलखातला माणूस. बाप-आजा मेंढरांमागं हिंडले, ह्यानं विहीर पाडून दोन एकर ऊस केला होता आणि कारखान्याचा सभासद झाला होता. घोंगडी खांद्यावर, तो दारातच उभा राहिला. म्हणाला, "बाई, आमच्या वाडीचा नंबर दर साली शेवटाला का येतो? लागन तर आमी नदीकाठच्यांच्या संगटच करतो. मशीन आमाला वळखतंय का काय?"

तुम्ही त्याला बसवलंत, पाणी दिलंत आणि समजावलंत की मशीन कुणाला ओळखत नाही, लागणीच्या तारखेनं पाळी लावतं. तो मान हलवून गेला. पण त्याचा प्रश्न माझ्या डोक्यातून जाईना. मी मागच्या तीन हंगामांच्या याद्या काढल्या. एकाच पंधरवड्यात लागण झालेले फड घेतले, सभासद क्रमांक आणि प्रत्यक्ष तोडणीची तारीख मांडली आणि आलेख काढला. रेघ सरळ वर चढत गेली. क्रमांक जितका मोठा तितकी तोडणी उशिरा. तिन्ही हंगामांत.

कारण साधं होतं. कार्डं ट्रंकेत सभासद क्रमांकानं लावलेली असायची. त्याच क्रमानं ती सॉर्टरमध्ये जायची. यंत्र पंधरवडे वेगळे करायचं, पण एका पंधरवड्याच्या आतला क्रम तसाच राहायचा. लहान क्रमांक जुन्या सभासदांचे, नदीकाठच्या मळीच्या जमिनीवाल्यांचे. मोठे क्रमांक पूर्वेच्या वाड्यांचे, नंतर आलेल्यांचे. आणि एका पंधरवड्याच्या लागणी तोडायला चार-चार आठवडे लागायचे. कुणी काही केलं नव्हतं. कुणाच्या मनात काही नव्हतं. तरी दर वर्षी बिराच्या वाडीचा ऊस तुऱ्याला येत होता.

मी आलेख तुमच्या पुढं ठेवला. चष्मा पुसून तुम्ही तो पुन्हा बघितलात. मला वाटलं कळला नाही, म्हणून सांगायला लागले. तुम्ही हात वर करून मला थांबवलंत.

"माझ्या आधीपासनं न्हवं, मी आल्यापासनं," तुम्ही म्हणालात. "म्या लावली कार्डं. माझ्या हातानं लोकांचा ऊस वाळवला."

"हवालदार, यात तुमची काही चूक नाही."

"दिसायला पायजे व्हतं. रोज बघतोय. दिसलं न्हाई. तुमाला दिसलं." मग आलेखावर बोट ठेवून म्हणालात, "ह्यालाच शिक्षन म्हनत्यात, बाई. आता तरी माझ्यासंगं भांडू नका."

मी भांडलेच. म्हटलं, मला दिसलं ते बिरानं विचारलं म्हणून. तो तर शाळेतच गेलेला नाही. तुम्ही म्हणालात, "त्येनं इचारलं दोघांनाबी. म्या पानी पाजून लावून दिला."

पदवीनं मला आलेख काढायला शिकवलं होतं, हे खरं आहे. रागाच्या भरात मी ते नाकारणार नाही.

उपाय आपण दोघांनी मिळून काढला. प्रत्येक कार्डावर एक रकाना मोकळा होता. हंगामाच्या आधी चिठ्ठ्या टाकायच्या, प्रत्येक फडाला एक आकडा निघेल, तो त्या रकान्यात पाडायचा. आधी त्या आकड्यानं कार्डं लावायची, मग पंधरवड्यानं. म्हणजे पंधरवड्यातला क्रम दर वर्षी नशिबाचा, क्रमांकाचा नाही. कल्पना माझी. आकडा पाडायचं, कार्डं तपासायचं काम तुमचं. साहेबांना विचारावं का, असं तुम्ही म्हणालात. मी म्हटलं, लागणीची तारीख हा नियम आहे, तो आपण मोडत नाही, आतला क्रम हा खात्याचा प्रश्न. विचारलं नाही. तो निर्णय माझा होता, हवालदार. फक्त माझा.

यादी लागली आणि चार दिवसांनी उपाध्यक्षांचा फोन आला. त्यांचे नदीकाठचे फड तीन आठवडे मागं गेले होते. साहेबांनी दुसऱ्या दिवशी बैठक बोलावली. आणीबाणीचे दिवस होते, 'चौकशी' हा शब्द ऐकला तरी माणसं आवाज खाली करायची. माझी नोकरी अजून कायम झाली नव्हती.

बैठकीच्या दारात तुम्ही मला अडवलंत. "आत कायबी बोलायचं न्हाई. मी सांगतो, माझ्या हातनं झालं."

"तुमच्या हातून काही झालेलं नाही."

"आवं, ऐका. मला कागद न्हाई. माझी चूक झाली म्हनलं की त्येंना पटतंय. सातवीवाला, कळलं न्हाई, चुकला. इषय संपला. तुमी केलं म्हनलात की ती चूक न्हाई, ते मुद्दाम केलेलं. मग तुमाला काडत्यात, आन ती यादी कायमची तशीच ऱ्हाती. तुमी आत ऱ्हायला तर फुडल्या साली कायतरी करता यील."

मी म्हटलं, हे बरोबर नाही. पण म्हटलं हळूच. दार उघडलं आणि आपण आत गेलो. तुम्ही सावधान उभे राहिलात आणि सांगितलंत, "साहेब, कार्डं लावताना माझ्याकडनं घोटाळा झाला." मी टेबलावरच्या पेपरवेटकडं बघत होते. साहेबांनी मला विचारलं, "बाई, तुमच्या लक्षात आलं नाही?" मी म्हटलं, "नाही."

एक शब्द. त्याचं ओझं मी तीन वर्षं वाहते आहे.

पुढचं तुम्हाला माहीत आहे, तरी लिहिते, कारण शोकसभेत कुणी सांगितलं नाही. जुन्या क्रमानं नवी यादी छापली. ठराव झाला की अल्पशिक्षित माणसाच्या हाती यंत्रं दिल्यानं हा प्रकार घडला, यापुढं यंत्राला हात लावणारा पदवीधर असावा. तुम्हाला वजनकाट्यावर पाठवलं, गाड्या लावायला आणि नंबर पुकारायला. तुमच्या दोन्ही ट्रंका खोलीतच राहिल्या. तुम्ही मागितल्या नाहीत, मी दिल्या नाहीत. त्या दिल्या तर तुम्ही खरंच गेलात असं झालं असतं.

दुसऱ्या वर्षी मी चिठ्ठ्यांचीच पद्धत पुन्हा मांडली. अकरा पानांची टिप्पणी केली, इंग्रजीत, तीन पानं नुसती सूत्रं. चिठ्ठीला 'यादृच्छिक क्रम' म्हटलं. खाली नाव, नावापुढं एम.एस्सी. संचालक मंडळात पाच मिनिटांत मंजूर झाली. उपाध्यक्ष म्हणाले, शास्त्रीय पद्धत आहे, आपण काय बोलणार. साहेबांनी माझं अभिनंदन केलं. तुम्ही केलं तेव्हा घोटाळा, मी केलं तेव्हा शास्त्र. रकाना तोच. पद्धत तीच.

मी धावत काट्यावर आले तुम्हाला सांगायला. पाठोपाठ बैलगाड्या उभ्या होत्या, तुम्ही हातानं त्यांना सरकवत होता. मी सांगितलं, आणि तुम्ही हसलात. मोठ्यानं, मनापासून. "बघा. म्या सांगितलं न्हवतं? कागदाला वजन असतंय, बाई."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मला तुमच्या तोंडून हे ऐकायचं नव्हतं. मला वाटलं होतं, तुम्ही आता तरी चिडाल, म्हणाल, चला, जाऊन साहेबांना विचारू हा काय न्याय. मी म्हटलं, "तुम्हाला पाठीचा कणा आहे का नाही? तुम्ही असं हसता म्हणून ते असं करू शकतात." भोवती गाडीवान ऐकत होते. तुमचं हसू मावळलं. तुम्ही म्हणालात, "मागची गाडी यायली, बाई. बाजूला व्हा."

त्यानंतर आपण बोललो. पाऊस, बस, तुमच्या गुडघ्याचं दुखणं. भांडलो मात्र नाही. मी साहेबांकडं दोनदा शब्द टाकला, हवालदारांना परत द्या म्हणून. "ठरावाच्या बाहेर कसं जाणार?" असं ते म्हणाले, आणि मी दोन्ही वेळा "बरं" म्हणून उठले. ठराव कशावर उभा आहे हे सांगायला माझं तोंड उघडलं नाही. आधी नोकरी कायम व्हायची होती. झाल्यावर वाटलं, आता इतक्या दिवसांनी कसं सांगायचं.

आणि या हंगामात, गाळप सुरू होऊन पंधरा दिवस झाले नव्हते, भर दुपारी काट्याच्या खोलीत तुम्ही खुर्चीवरून खाली आलात. जीपमधून सांगलीला नेईपर्यंत संपलं होतं. मी शंभर पावलांवर सॉर्टर चालवत बसले होते. त्याच्या खडखडाटात बाहेरचा आरडाओरडा ऐकू आला नाही.

काल तुमचा दहावा होता. मी सकाळच्या एस.टी.नं साताऱ्याला उतरले आणि तिथून कोरेगावच्या गाडीनं तुमच्या गावी आले. तुम्ही नेहमी म्हणायचात, एकदा सुट्टीला या, आमची वाटाण्याची शेंग खाऊन बघा. आले ती अशी.

माणसं घाटावरून परतून जेवायला बसली होती. तुमच्या पत्नी, सोनाकाकू, आतल्या खोलीत होत्या. मी त्यांच्याजवळ बसले आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. ती यादी मी बदलली होती, हवालदारांनी माझ्यासाठी ते अंगावर घेतलं, मी गप्प बसले. रडू येईल असं वाटलं होतं, आलं नाही.

काकू म्हणाल्या, "ठावं हाय मला. त्येंनीच सांगितलं व्हतं."

"ते माझ्यावर चिडले नव्हते का कधी?"

त्यांनी जरा विचार केला. बरं वाटावं म्हणून काही बोलणारी बाई ती नाही, हे मला तेवढ्यात कळलं. "सुट्टीला यायचे तवा बोलायचे न्हाईत," त्या म्हणाल्या. "रानात जाऊन बसायचे एकलेच. जेवताना ताट सारायचे. दोन वरसं लय तरास काढला. एकदा मला म्हनले, म्या बाईंना सांगितलं, गप ऱ्हावा. पन त्या खरंच गप ऱ्हायल्या."

बाहेर पंगत उठली, दुसरी बसली.

इतकी वर्षं मी तुमच्यावर चिडत होते की हा माणूस चिडत कसा नाही. हसतो कसा, सलाम कसा ठोकतो. तुम्ही चिडला होता. गावाकडं येऊन, रानात बसून, ताट सारून चिडत होता. आणि साहेबांवर नाही, पलटणीचा तो हिशेब तुम्ही केव्हाच मिटवला होता. माझ्यावर. दारात तुम्ही मला गप्प बसायला सांगितलंत, आणि आत गेल्यावर वाट बघितलीत की मी ऐकणार नाही. सावधान उभे राहून तुम्ही वाट बघत होता. मी पेपरवेट बघत होते.

का नाही बोललात? काट्यावर मी तुमचा कणा काढला, चार गाडीवानांच्या देखत, तेव्हा तरी म्हणायचं होतंत, "बाई, तुमचा कुठं व्हता?" मला ते ऐकायचा हक्क होता. तुम्ही मला गठ्ठ्यातलं चुकीचं कार्ड दाखवलंत, दमट कार्डं कशी जपायची ते दाखवलंत. चुकलं तर बोट दाखवता येईल म्हणून तुम्ही मला घेतलं होतंत. ही एवढी मोठी चूक, आणि तिच्यावर बोट ठेवायचं राहून गेलं. हा माझा तुमच्यावरचा राग आहे, आणि तो जाणारा नाही.

पण काकूंनी सांगितलं ते ऐकून, कसं सांगू, मला बरंही वाटलं. तुम्ही मला साहेबांच्या रांगेत बसवलं नव्हतंत. त्यांच्याकडून तुमची काही अपेक्षा नव्हती. माझ्याकडून होती. एवढं मोठं मोल मला आजवर कुणी दिलेलं नाही, पुण्याच्या विद्यापीठानंही नाही.

आज सकाळी कामावर आले तर टेबलावर जाहिरातीचा मसुदा होता. यंत्र विभागाला मदतनीस पाहिजे, 'पदव्युत्तर पदवी आवश्यक', सही करून पाठवा. मी 'आवश्यक' खोडून 'असल्यास उत्तम' लिहिलं, आणि खाली लिहिलं की उमेदवाराला यंत्रापुढं उभं करून, हातात कार्डं देऊन तपासावं. पदवी नको असं मी लिहिलेलं नाही. तुम्ही ते मला लिहूही दिलं नसतंत.

त्याला दुसरा कागद जोडला. मराठीत, अर्ध्या पानाचा, सूत्रं नसलेला. त्या हंगामाची यादी मी बदलली. निर्णय माझा, कल्पना माझी. हवालदार हिंदुराव जगदाळे यांनी माझ्यासाठी खोटं सांगितलं आणि मी त्यांना सांगू दिलं. त्यांच्यावरचा ठराव चुकीच्या माहितीवर झाला आहे, तो रद्द करावा. नावापुढं एम.एस्सी. लिहिलं. आवक कारकुनाकडं दिला, त्यानं वाचला, माझ्याकडं बघितलं, आणि शिक्का मारला.

दुपारी साहेबांचा शिपाई निरोप घेऊन आला. उद्या अकरा वाजता संचालक मंडळापुढं हजर राहायचं आहे. दारात या वेळी मला कुणी अडवणार नाही. मी सगळं बोलणार आहे.